वाक्य पुरं होईपर्यंत

अक्का आणि दादा एकाच गाडीतून उतरले, तेव्हाच बेबी सावध झाली.

आई गेल्यापासून ही दोन भावंडं एकमेकांशी सरळ बोललेली नव्हती. बोलायचंच झालं तर वहिनीमार्फत. "तिला सांग, कपाटाची चावी माझ्याकडे नाही." "त्याला विचार, मग कोणाकडे आहे?" दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसलेले, आणि मध्ये वहिनी टपाल वाटत फिरणारी. आणि आज अक्का पुढच्या सीटवर, दादाच्या शेजारी, आणि उतरताना दादाने तिच्यासाठी दार धरलेलं! निवासाच्या खिडकीशी उभ्या बेबीने ते पाहिलं आणि ओळखलं, की ह्या दोघांचं सूत जुळलं म्हणजे तिसऱ्या कोणाचं तरी काही जाणार. त्या घरात तिसरी नेहमी तीच असायची.

मागच्या दाराने वहिनी उतरली. तिने डिकीतून चाकांची खुर्ची काढली, उघडली, सासऱ्यांना, अप्पांना, बगलेत धरून तीत बसवलं आणि त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. दादा तोवर गाडी नीट लागली आहे ना, हे चारी बाजूंनी बघत होता.

बेबीला अडतिसावं चालू होतं, तरी ती बेबीच. जन्मताना श्वास कोंडला आणि हात, पाय, जीभ यांच्यावरचा ताबा ढिला पडला, एवढंच तिचं झालं होतं. हात थरथरायचे, डावं पाऊल घासत जायचं आणि शब्द तोंडाबाहेर पडायला वेळ लागायचा. डोक्याला काही झालेलं नव्हतं. ती ज्या वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांची नोंद संगणकावर एका बोटाने करायची, तिथल्या लोकांना हे आठवड्याभरात कळलं. घरच्यांना उभ्या जन्मात कळलं नाही, कारण त्यांनी तिचं वाक्य कधी पुरं ऐकलंच नव्हतं. तिने "मला" म्हटलं, की एक जण "पाणी हवंय" म्हणायचा, दुसरा "झोप आलीय" म्हणायचा, आणि तिला म्हणायचं असायचं, की मला तुमचे हे पाहुणे आवडत नाहीत. ह्या कामात सगळ्यांत पटाईत अप्पा. वकील माणूस. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला गुण. तो त्यांनी रोज संध्याकाळी काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगायला हवा होता, पण टांगला नाही. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. आता घरात त्यांचीही वाक्यं दुसरेच पुरी करत होते.

दार उघडायला बेबी स्वतः गेली. तिला दारापर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दादाने तीनदा बेल वाजवली.

"अगं, कोणी नाही का दार उघडायला?" आत येता येता तो म्हणाला.

"मी… आहे… की," बेबी म्हणाली.

ह्या निवासात आठ माणसं राहत होती. कोणी चाकांच्या खुर्चीवर, कोणाला दिसायचं कमी, कोणाला हिशेब उमजायचा नाही पण बागकामात हात धरणारा कोणी नाही. सगळी सज्ञान. दोन वर्षं इथे राहायचं, आपलं घर आपण चालवायला शिकायचं आणि मग बाहेर पडून खरंच आपलं घर करायचं, असा तिथला बेत. स्वयंपाक, कपडे, औषधं, बसचा प्रवास, दारावर आलेल्या माणसाला नको म्हणणं, सगळं शिकवायचे. तिथल्या मुख्य बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. त्या मात्र राहणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही म्हणायच्या. बेबीला त्या ताई म्हणायच्या. शेंडेफळ म्हणून जन्मलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ताई म्हणालं, तेव्हा ती मागे वळून बघायला लागली होती, की कोणाला हाक मारली.

आज घरच्यांना बोलावण्याचा दिवस होता, आणि बेबीच्या वाट्याचा तसला शेवटचा. महिनाअखेर तिचं शिक्षण संपत होतं. मास्तरीणबाईंनी बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना बसवलं आणि इथले दोन नियम सांगितले.

"पहिला नियम, पाहुण्यांनी खुर्ची सोडायची नाही. काही सांडलं, काही पडलं, कितीही वेळ लागला तरी. घर यजमानाचं आहे, उठेल तो यजमान. दुसरा नियम, इथे कोणी कोणाचं वाक्य पुरं करत नाही. केलंच, तर बोलणारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मग बसा हवं तर संध्याकाळपर्यंत."

"वा, छान आहेत नियम," अक्का म्हणाली. ती नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि दुसऱ्याने केलेल्या नियमांना छान म्हणताना तिच्या नाकाचा शेंडा जरा वर जायचा.

मास्तरीणबाई शेजारच्या खोलीत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

बेबी चहा करायला गेली. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता, त्यामुळे चार डोळे, अप्पांचे धरून सहा आणि वहिनीचे धरून आठ, तिच्या पाठीला चिकटले. तिची किटली कलत्या स्टँडवर बसवलेली होती, उचलायची नाही, नुसती वाकवायची. दूध झाकणाच्या भांड्यात. कप रुंद बुडाचे, अर्धेच भरायचे. आणि सगळं ठेवायची ट्रॉली, जिला धरून ती चालायचीही. ट्रॉलीने चहाही न्यायचा आणि बेबीलाही न्यायचं, असा तो सौदा होता.

साखर घालताना चमचाभर ओट्यावर सांडली. अक्का ताडकन उठली.

"बस… अक्का."

"अगं पण मुंग्या..."

"माझ्या… घरच्या… मुंग्या."

वहिनी खुदकन हसली. अक्का बसली, पण खुर्चीच्या कडेवर, शाळेची घंटा कधी होते ह्याची वाट पाहणाऱ्या पोरासारखी. दादाने गुडघा हलवायला सुरुवात केली. त्याला रिकामं बसणं माहीत नव्हतं. घरी त्याला चहा आयता हातात यायचा, पण तो येईपर्यंतही तो फोनवर कोणावर तरी ओरडत असायचा. इथे कोणावर ओरडणार?

चहा आला. ट्रॉली अप्पांच्या चाकाला हलकेच लागली, थोडा चहा बशीत गेला. बेबीने कप अप्पांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती बसेपर्यंत आपला हात काढला नाही. दोन थरथरते हात एका कपावर. चहा सांडला नाही.

"उत्तम झालाय हो चहा," दादा म्हणाला.

बेबी चकित झाली. दादाने कौतुक करणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

"खरंच ग," अक्का म्हणाली. "आणि कपडे? कपडे कोण धुतं?"

बेबीने धुण्याचं यंत्र दाखवलं. अक्काने यंत्राकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाने मान हलवली.

"औषधं वेळेवर घेतेस ना?"

बेबीने सात खणांचा डबा आणला. गोळी चिमटीत धरणं तिला जमायचं नाही. ती आठवड्याच्या गोळ्या काठाच्या ताटलीत ओतायची आणि एका बोटाने सरकवत एकेका खणात पाडायची. ही युक्ती तिची स्वतःची होती, मास्तरीणबाईंनी नंतर ती सगळ्यांना शिकवली. ती सांगायला लागली, आणि आश्चर्य म्हणजे मध्ये कोणी बोललं नाही. पार शेवटपर्यंत ऐकलं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. गाल तापले. आई असती तर बघितलं असतं, असंही मनात येऊन गेलं.

"म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गोळ्या असल्या, तरी भरता येतील," अक्का म्हणाली.

"ये… तील."

"आणि रात्री काही अडचण आली, तर फोन लावता येतो?"

"हो… बटण…"

"बटण दाबलं की लागतो. झालं तर मग!" दादाने दोन्ही मांड्यांवर थाप मारली. "अक्का, मी म्हणालो नव्हतो तुला? आपली बेबी तयार झाली आहे."

तेव्हा बेबीला कळलं. सगळं एकदम कळलं. गाडीचं उघडं दार, पुढची सीट, उत्तम झालेला चहा. बाजारात गाय घेताना माणूस तिचे दात बघतो आणि तिच्या मानेवरून हात फिरवतो, तसा हा हात फिरत होता.

"हे बघ बेबी," दादा पुढे सरकला, खुर्ची न सोडता. "महिनाअखेर इथलं संपतंय. तू घरी ये. आपल्या हक्काच्या घरी. अप्पांच्या खोलीतच तुझा पलंग टाकतो. त्यांचा चहा, गोळ्या, जरा उठवणं-बसवणं, तेवढं तू बघशील. तुलाही सोबत, त्यांनाही सोबत."

"शिकलीस त्याचं चीज होईल," अक्का म्हणाली. "नाहीतर एवढं शिकून करायचं काय?"

"आणि अप्पांना परकी बाई नकोय," दादा म्हणाला. "दिवसभराच्या बाईचं नाव काढलं की त्यांचं तोंड वाकडं होतं. हो ना अप्पा?"

अप्पांचे ओठ हलले. "बा… ई…"

"नको. माहीत आहे, अप्पा. आणत नाही आहोत आम्ही बाई. बेबी येतेय."

बेबीने ट्रॉलीची दांडी घट्ट धरली. ह्याच अक्काने दोन वर्षांपूर्वी, ती इथे यायला निघाली तेव्हा, चारचौघांत म्हटलं होतं, "हिला गॅस लावता येत नाही, ही घर काय लावणार?" ह्याच दादाने मास्तरीणबाईंना बजावलं होतं, की हिला सुरीपासून लांब ठेवा, आगीपासून लांब ठेवा, हिच्यावर कशाची जबाबदारी टाकू नका, हिला झेपत नाही. स्वतःचा जीव सांभाळायला जी नालायक होती, ती आता दुसऱ्याचा जीव सांभाळायला लायक ठरली! आणि तोही साध्यासुध्याचा नाही, अर्ध्या अंगाने लुळ्या बापाचा. स्वतःच्या घरात ती पडेल, भाजेल, मरेल. दादाच्या घरात ती काहीसुद्धा न पाडता दिवसरात्र राबेल. गरज पडली की बेबी मोठी, गरज सरली की बेबी लहान.

"मी… आणि… ऑपरेटरने…"

ऑपरेटर म्हणजे तिची इथली खोलीतली जोडीदारीण. दृष्टी जवळजवळ गेलेली, मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर नोकरी करणारी, आवाज असा की रोगी निम्मा फोनवरच बरा व्हावा.

"ऑपरेटरलाही घेऊन ये भेटायला, कधीही," दादा म्हणाला.

बेबीने श्वास घेतला. "मी… आणि… ऑपरेटरने… घर…"

"घर बघायला येऊ दे ना, कोण नको म्हणतंय?" अक्का म्हणाली.

"मी… आणि…"

"बेबी, आता तेच तेच काय ग?"

"नियम आहे," शेजारच्या खोलीतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. त्या उठून आल्या नाहीत. "त्या पहिल्यापासून सांगणार. तुम्ही थांबलात तर लवकर होईल."

अक्का खुर्चीत मागे सरकली. दादाचा गुडघासुद्धा थांबला. आणि बेबीने सांगितलं. शब्द एकेक करून आला, मधल्या एकावर जीभ अडकली तेव्हा तिने पायाने फरशीवर ठेका धरून तो सोडवला, आणि कोणी मध्ये पडलं नाही. मी आणि ऑपरेटरने घर घेतलंय. भाड्याने. दोन गल्ल्या सोडून. तळमजला, उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडी आहे. मालकीणबाई म्हणते, घरच्या कोणीतरी सांगायला हवं, आमची हरकत नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत. ऑपरेटरच्या बहिणीने सांगितलंय. माझं तुम्ही सांगायचं.

हे शेवटचं म्हणताना तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच राग आला. नोकरी करणारी, आपलं पोट आपण भरणारी बाई, तिच्या डोक्यात पांढरे केस आलेले, आणि तिला राहायला खोली द्यायची तर घरच्यांची हरकत नाही ना, हे विचारायचं. दादाने दुकानाचा गाळा घेतला तेव्हा कोणी विचारलं होतं, तुमच्या बहिणीची हरकत नाही ना?

"वेड लागलंय का?" दादा उभा राहिला. नियम गेला खड्ड्यात. "एकीला दिसत नाही, एकीला धड चालता येत नाही! आंधळं दळतं आणि…"

"बोल… पुढे," बेबी म्हणाली. "म्हण… पुरी… कर."

दादाने म्हण पुरी केली नाही. निदान तेवढी लाज त्याला होती.

"मी… अप्पांना… सांभाळू… शकते," ती म्हणाली, "तर… मला… का… नाही?"

प्रश्न अडचणीचा होता. अडचण झाली की त्या घरात आवाज चढायचा, तसा तो चढला. पण पहिला आवाज दादाचा नव्हता. वहिनीचा होता.

"आणि मी?" वहिनी म्हणाली. तिचा कप खाली ठेवताना बशीवर वाजला. "मी काय करायचं, बेबी? सकाळी त्यांना उठवते, पुसते, भरवते, रात्री दोनदा कूस बदलते. माझ्या पाठीचं काय झालंय ते मला विचार. तू आपलं घर करशील, अक्का आपल्या घरी जाईल, आणि मी? मी मरेपर्यंत हेच?"

बेबीला वहिनीचा राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी सगळे नको म्हणत असताना हिनेच गुपचूप तिची बॅग भरून दिली होती, आणि बॅगेत लांब बाह्यांचे दोन स्वेटर जास्तीचे घातले होते. हिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं खरी होती. फक्त ती चुकीच्या माणसाला विचारत होती. बेबीने ट्रॉली वळवली आणि दादासमोर नेऊन उभी केली.

"तू… का… नाही?"

"मी काय?"

"तू… का… नाही… अप्पांचं… करत?"

दादा आधी हसला. मग त्याने सगळ्यांकडे पाहिलं, की तेही हसताहेत का. "मला धंदा आहे, बेबी."

"मला… नोकरी… आहे."

वहिनीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, अर्धं हसू, अर्धा हुंदका. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नव्हता. दादाला विचारला नव्हता, तिला विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नव्हता. त्या घरात सांभाळणं हे काम सुनेच्या नावे होतं, आणि सून थकली की मुलींपैकी जिचं लग्न झालं नाही तिच्या नावे. दादाच्या नावे फक्त काळजी होती. काळजी तो फार करायचा.

"अहो, ती विचारतेय," वहिनी म्हणाली. "सांगा की."

"तू पण सुरू झालीस?"

"मी सुरूच होते. तुम्हाला ऐकू आत्ता आलं."

दादा अक्काकडे वळला. "अक्का, बोल ना. गाडीत तर तूच म्हणालीस, बेबीला आणलं की सगळ्यांचं सुटेल."

"मी म्हणाले?" अक्काचा आवाज शाळेतल्यासारखा झाला. "तू म्हणालास. मी एवढंच म्हटलं, की मला शनिवार-रविवार यायला जमणार नाही. गुडघे दुखतात माझे."

"म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात!"

"वहिनी, त्याला सांग, बाप दोघांचा आहे, पण घर एकट्याने ठेवून घेतलं होतं ना?"

"तिला सांग, घराचं आत्ता काढायचं काम नाही."

"स्वतः सांगा," वहिनी म्हणाली. "दोघंही. मी टपाल बंद केलंय आजपासून."

शेजारच्या खोलीत मास्तरीणबाई खोकल्या. बहुतेक हसू दाबत असाव्यात.

आणि ह्या सगळ्या गदारोळात बेबीला अप्पांचा हात दिसला. डावा हात मांडीवर आपटत होता, न्यायाधीश शांतता ठेवा म्हणून हातोडा आपटतो तसा, पण आवाज चादरीतच जिरत होता. किती वेळ आपटत होता कोण जाणे. कोणी बघितलंच नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते.

"अप्पा… बोलताहेत," बेबी म्हणाली.

"अप्पा, काही नाही हो," अक्का लगेच म्हणाली. "तुम्ही शांत राहा. पाणी हवंय?"

"बा… ई…"

"बाई नको, माहीत आहे," दादा ओरडला. "कितीदा तेच! आणणार नाही बाई, झालं?"

अप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते दादाला कळलं नाही, कारण त्याने बघितली नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. बेबीला ते पाणी चांगलं ओळखीचं होतं. तिने ते लहानपणापासून आपल्या डोळ्यांत पाहिलं होतं. आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्याच तोंडासमोर उभं राहून दुसरा माणूस चुकीचं सांगतो, तेव्हा येतं ते. आणि हे पाणी तिच्या डोळ्यांत सगळ्यांत जास्त वेळा कोणी आणलं होतं, हेही ती विसरली नव्हती. तिच्या मनात एकदा आलं, बघा आता, कसं वाटतं. ते मनात आलं आणि तसंच राहिलं, आणि तरी ती ट्रॉली ढकलत त्यांच्यापर्यंत गेली.

"अप्पा," ती म्हणाली. "पहिल्या… पासून."

मग ती थांबली. थांबणं तिला येत होतं. त्या घरात तेवढं एक काम तिच्याइतकं कोणालाच येत नव्हतं.

"बा… ई," अप्पा म्हणाले. दादाने तोंड उघडलं. वहिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि चांगला घट्ट ठेवला. "बाई… चा… चालेल."

अक्काने दादाकडे पाहिलं.

"घाई…" अप्पांच्या कपाळाची शीर तटतटली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल उभी केली, तिचा स्टँड वाजला. "घाई… करणारी… नको."

मग ते थकून मागे टेकले.

झटका आल्यापासून ह्या एका वाक्याच्या जोरावर दादाने बाई ठेवली नव्हती, वहिनीची पाठ मोडली होती आणि आज बेबीचं घर मोडायला ही भावंडं निघाली होती. आणि ते वाक्य अप्पांचं नव्हतंच. अप्पांचा त्यात फक्त पहिला शब्द होता.

"म्हणजे एवढे महिने..." वहिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली. वळताना तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की दादा आपण होऊन खुर्चीत बसला.

"मला काय माहीत," तो पुटपुटला. "ते नीट बोलत नाहीत."

"तू… नीट… ऐकत… नाहीस."

मास्तरीणबाई दारात आल्या. त्यांच्या हातात निवासाचा फोन होता. "ताई, घराच्या मालकीणबाई आहेत. त्या म्हणतात, आणखी कोणीतरी विचारून गेलंय, त्यांना आत्ता कळवायचंय. घरचं कोणी आहे का, विचारताहेत."

दादाने हात पुढे केला. "द्या इकडे. मी बोलतो त्यांच्याशी."

तो काय बोलणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लुळ्या बापाला बाई मिळाली, म्हणून लुळ्या बहिणीला घर मिळायला हवं असं थोडंच आहे! बाई ठेवायला तो कबूल झाला असता, उद्याच. पण बहिणीने वेगळं राहावं? लोक काय म्हणतील? आणि मास्तरीणबाईंनी फोन त्याला दिला नाही. त्यांनी तो ट्रॉलीवर, रिकाम्या कपांच्या मधोमध ठेवला, आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असं बटण दाबलं.

बेबीने ट्रॉली ढकलली. दादाच्या पसरलेल्या हाताजवळून ती गेली, अक्काच्या गुडघ्यांजवळून गेली, आणि अप्पांच्या चाकाला टेकून थांबली.

"हॅलो? कोण बोलतंय?" फोनमधून आवाज आला.

अप्पांनी फोनकडे पाहिलं. मग मुलीकडे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने बोलण्याचा धंदा केला, तो फोनवर वाकला.

"मी… व… वडील."

"काय? आवाज तुटतोय तुमचा. घरचं दुसरं कोणी नाही का बोलणारं?"

अक्काचे ओठ उघडले आणि मिटले. वहिनी हलली नाही. दादा खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला, ना उठलेला ना बसलेला.

अप्पांनी श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"मी… वडील. घर… तिचं. तिला… विचारा."

त्यांनी डाव्या हाताच्या मागच्या बाजूने फोन सरकवला. तो कपावर आपटला, कप कलंडला, उरलेला चहा ट्रॉलीवर पसरला आणि काठावरून फरशीवर गळायला लागला. पुसायला कोणी उठलं नाही.

बेबीने फोन दोन्ही हातांत धरला. हात थरथरत होते, पण ते नेहमीच थरथरायचे.

"हॅलो," पलीकडची बाई म्हणाली, "म्हणजे तुम्हीच का त्या? बरं, मग काय, घर हवंय की..."

"थांबा," बेबी म्हणाली. "मला… वेळ… लागतो."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मालकीणबाई बसली असावी.

"बोला," ती म्हणाली.